शेवटचा बेड

पटलं नाही तर सोडून द्या, मला वाद घालायचा नाही. मी नर्स आहे. पुरुष नर्स... पेशंट ‘ब्रदर’ म्हणतात. अकरा वर्षांत कितीतरी मेलेल्या माणसांचे डोळे मी या हातांनी मिटलेत. भुताखेतांवर विश्वास असता तर पहिल्याच महिन्यात बस धरून लोंढ्याजवळच्या आमच्या गावी परत गेलो असतो.

निपाणीतलं तीस खाटांचं खाजगी हॉस्पिटल. नाव सांगत नाही, अजून तिथेच नोकरी करतो. पहिल्या मजल्यावर बायकांचा वॉर्ड, आठ बेड. सकाळची ड्यूटी आठ ते दोन, दुपारची दोन ते आठ. दोन वाजता जाणाऱ्याने येणाऱ्याला एकेक बेडचा पेशंट समजावून सांगायचा — याला आम्ही ‘ओव्हर देणं’ म्हणतो.

पद्माक्का आमची सगळ्यात सीनियर सिस्टर. चिकोडीकडची जैन बाई. डॉक्टरांशी कन्नडमध्ये भांडायची आणि आमच्यावर मराठीत ओरडायची. मुलगा बेंगळुरूला, ही हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीत एकटीच खोली घेऊन राहायची. मी नवीन असताना एका सकाळी माझ्या डोळ्यांसमोर एक बाळंतीण गेली. दुपारी ओव्हर देताना आक्कानं आठही बेड सांगितले आणि शेवटी माझ्याकडे बोट केलं — “आणि ह्यो. सकाळपास्नं पाणी बी प्यालेला न्हाय. जेवल्याबिगर घरला सोडू नका.” मला लाज वाटली. पण दोघीतिघींनी धरून बसवलं, आक्काच्याच डब्यातली भाकरी आणि शेंगाचटणी खायला लावली. रडत रडत जेवलो. तो घास मिळाला नसता तर दुसऱ्या दिवशी मी कामावर आलोच नसतो.

तेव्हापासून पद्धतच पडली. ओव्हरच्या शेवटी आक्का आमच्यातल्या एकाचं नाव घ्यायची — हिचं घरी भांडण झालंय, ह्याचा ताप उतरलेला नाही, जरा बघा. त्याला आम्ही ‘शेवटचा बेड’ म्हणायचो. चेष्टा करायचो, पण आपला नंबर कधी लागतो याची वाटही बघायचो.

मग माणसं कमी होत गेली. कोणी बेंगळुरूला, कोणी गल्फला. नव्या मुली दोन महिन्यांत पळायच्या. उरलेले आम्ही डबल ड्यूट्या करायचो आणि ओव्हर पाच मिनिटांत उरकायचो. आक्का मात्र शेवटचा बेड सांगायचीच. स्वतःचं नाव तिनं कधी घेतलं नाही, आणि — हे लिहिताना लाज वाटते — आमच्यापैकीही कोणी कधी घेतलं नाही.

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. दुपारचे दोन, बाहेर लख्ख ऊन. आदल्या दिवशी डबल केलेली, मी वैतागलेलाच होतो. आक्का टेबलापाशी उभी होती. नेहमीसारखं सगळं सांगितलं. “दोन नंबरच्या आजीची सलाईनची सुई आत्ताच काढल्या, हात सुजलाय, बर्फ लाव. पाच नंबरची शुगर लई वाढल्या, डॉक्टरांना सांग.” आठ बेड झाले. मग ती थांबली. म्हणाली, “आणि मी. सकाळपास्नं बरं वाटंना झालंय. माझ्याकडं बघ रं जरा.”

मी ड्रॉवरमध्ये हातमोजे शोधत होतो. मान वर न करता म्हणालो, “व्हय आक्का, बघतो.” आणि दोन नंबरकडे गेलो. आजीचा हात खरंच सुजला होता. वळून पाहिलं तर आक्का नव्हती. घरी गेली असेल म्हणून कामाला लागलो.

तासाभराने रिसेप्शनची मुलगी वर आली. “ब्रदर, तुमास्नी सांगायचंच ऱ्हायलं. पद्माक्का दहालाच घरी गेल्यात, छातीत जड वाटतंय म्हणत हुत्या. दोनपतूर खालच्या सिस्टरच येऊन-जाऊन वॉर्ड बघत हुत्या.”

मी पळत गेलो. खोलीचं दार नुसतं लोटलेलं होतं. आक्का युनिफॉर्ममध्येच चटईवर पडली होती. हात लावला आणि समजलं... आत्ता नाही, केव्हाचीच. डॉक्टर म्हणाले, बारा वाजायच्या आधीच गेलीय.

मग मला दोन वाजता ओव्हर कोणी दिली? खालच्या सिस्टरनं आजीची सुई काढलीच नव्हती. आजीला विचारलं तर म्हणाली, “मोठ्या बाईंनीच की काढली, तू यायच्या जरा आधी!” पाच नंबरची शुगर तपासली, तीही वाढलेलीच निघाली.

थकल्यामुळे भास झाला, असं मी स्वतःला खूप समजावलं. पण माझ्या भासाला आजीचा हात कसा माहीत? आता मी उत्तर शोधतही नाही. मला छळतं ते वेगळंच. आमच्यातल्या प्रत्येकाला तिनं कोणाच्या तरी हवाली केलं होतं. तिला हवाली करणारं कोणी उरलं नव्हतं, तिचं तिलाच यावं लागलं... आणि मी मानसुद्धा वर केली नाही.

हॉस्पिटलनं नंतर स्टाफरूममध्ये ‘मन मोकळं करा’ असा बोर्ड लावला. त्याच्याखाली आम्ही हेल्मेटं ठेवतो.

गेल्या आठवड्यात सलग तिसरी डबल संपवून मी एका नव्या सिस्टरला ओव्हर दिली. आठ बेड सांगून झाले. का कोण जाणे, तोंडातून निघून गेलं — “आणि मी. मला बी काय बरं वाटंना झालंय गं.”

ती मास्क बांधत होती. “व्हय ब्रदर, बघते,” म्हणाली, आणि दोन नंबरकडे गेली.