लाल ठिपक्याचा प्लग

मी आयटीआयमध्ये वायरमनचा ट्रेड शिकवतो. पत्र्याला, तारेला हात लावण्याआधी टेस्टर लावायचा, हे नव्या बॅचकडून पहिल्याच आठवड्यात घोकून घेतो. हे आधी सांगितलं, कारण पुढे जे झालं ते अडाणीपणातून झालं नाही.

चांदवडला एका वयस्कर रेडिओ मेकॅनिकनं दुकान बंद केलं, तेव्हा खोकंभर जुने व्हॉल्व्ह मला देऊन टाकले. काचेचे, अंगठ्याएवढे. त्यांतले दोन जोडून एकदा गिटार ऐकली आणि मी नादावलो. आवाज दीड-दोन वॉटचा, एका खोलीपुरता. पण तार हळू छेडली की स्वच्छ, जोरात छेडली की किंचित घोगरी, माणसाच्या गळ्यासारखी. कुणालाही परवडेल असा अॅम्प्लिफायर बनवायचा, असं मी मनावर घेतलं. बिस्किटांचे पत्र्याचे डबे, भंगारातले स्पीकर. असे सहा झाले.

स्वस्त पडले, कारण त्यांत ट्रान्सफॉर्मर नव्हता. तोच सगळ्यात महाग, आणि भिंतीतली वीज व माणूस यांच्यामध्ये तोच उभा असतो. जुने काही रेडिओ त्याच्याविना चालत, पण ते लाकडी पेटीत बंद असत. गिटारच्या तारा मात्र वायरीतून थेट माझ्या डब्याच्या पत्र्याला जोडलेल्या होत्या. प्लग नीट लावला तर पत्र्याला न्यूट्रल, उलटा लावला तर फेज, म्हणजे जिवंत वीज. म्हणून मी दोन पिनांच्या प्रत्येक प्लगवर एका पिनेपाशी लाल ठिपका दिला. ठिपका उजवीकडेच आला पाहिजे, असं घेणाऱ्याला बजावलं आणि तेवढ्यावर स्वतःची समजूत घातली.

चौथा डबा आमच्याच वसाहतीतल्या एका बाईंनी घेतला. त्या प्राथमिक शाळेत शिकवायच्या आणि जयंतीला विहाराशेजारच्या हॉलमध्ये गिटारवर भीमगीतं गायच्या. त्या वर्षी तालमीच्या दुपारी त्यांनी ठिपका उजवीकडेच ठेवला होता. पण हॉलमधलं सॉकेटच कुणीतरी उलटं जोडून ठेवलेलं. गाताना ओठ हॉलच्या अर्थिंग असलेल्या माइकला लागले आणि डाव्या हाताची मूठ तारांवर आवळली ती सुटेना. ढोलकीवर बसलेल्या त्यांच्या भावानं वायर खेचून काढली म्हणून त्या वाचल्या.

मी दवाखान्यात पोचलो तेव्हा त्यांच्या दोन बोटांना आणि खालच्या ओठाला पट्ट्या होत्या. बाहेर हॉलच्या कमिटीची माणसं उभी होती. सॉकेटची चूक त्यांना कळली होती. उलट तेच माझी माफी मागत होते, की आमच्या वायरिंगमुळे सर तुमच्या वस्तूला बोल लागला. डब्यात ट्रान्सफॉर्मर नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही. मान हलवली असेल, तेही आठवत नाही. आठ दिवस मी तसाच गप्प राहिलो. वर्गात फळ्यावर अर्थिंगची आकृती काढताना हात थांबायचा. बायकोला सगळं सांगितलं तर ती एवढंच म्हणाली, की हे मला सांगून काय उपयोग.

नवव्या दिवशी बाईंच्या घरी गेलो. त्यांनी बसायला सांगितलं, चहा ठेवायला आईला सांगितलं. मग स्वतःच म्हणाल्या की सॉकेटचं कळलं, तुम्ही मनाला लावून घेऊ नका.

मी म्हणालो, "ताई, सॉकेट उलटं असलं तरी करंट तुमच्या हातापर्यंत यायला नको होता. डब्यात ट्रान्सफॉर्मर हवा होता. मी तो घातला नाही."

"तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

त्यांनी पट्टीच्या बोटांकडे पाहिलं. रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं. चहा आला, पण कुणी प्यायलं नाही. शेवटी त्यांनी विचारलं, "बाकीचे डबे कुठं आहेत?"

त्या प्रश्नानं मला उठवलं. दुसऱ्याच दिवसापासून मी ते गोळा करायला लागलो. बाईंचा आणि शहरातल्या तिघांकडचे दोन दिवसांत आले. पाचवा नामपूरला, कांदा मार्केटमधल्या एका मुनीमाकडे. तो देईना. वर्षभर वाजवतोय, कधी काही झालं नाही म्हणाला; वर अहिराणीत, "आवाज भारी शे." मी प्लग उलटा लावला आणि त्याच्या गिटारच्या तारेला टेस्टर टेकवला. दिवा लागला. त्यानं गिटारच्या लाकडावरचा हात काढून घेतला आणि मुकाट्यानं डबा पिशवीत भरून दिला.

पाचांतही मी ट्रान्सफॉर्मर घातले, तीन पिनांचे प्लग लावले, पुन्हा पुन्हा तपासून ज्याचे त्याला परत केले. बाईंनी त्यांचा घेतला नाही. त्यांच्या दोन बोटांना अजून तार जाणवत नाही. त्या आता भावाच्या ढोलकीवर नुसत्या गातात. रस्त्यात भेटलो तर जय भीम होतो, त्यापुढे बोलणं जात नाही.

सहावा मी देवळ्याच्या एकाला दिला होता. त्यानं तो मेव्हण्याला दिला, मेव्हण्यानं लग्नात वाजवणाऱ्या कुणाला तरी. त्याचं गाव कोणी सटाणा सांगतं, कोणी मालेगाव. दोन्हीकडे जाऊन आलो, वाद्यांच्या दुकानांत चौकशी केली, डब्याचा फोटो देऊन आलो. अजून फोन आलेला नाही.