टिकली दिसली की दात सोडायचे

घरी ऐकणारं माणूस असलं की ऑफिसातले किस्से साठत नाहीत, संध्याकाळच्या चहाबरोबर खपून जातात. माझे तसेच खपायचे. मी खोपोलीजवळ प्लास्टिकचे ड्रम बनवणाऱ्या कंपनीत डिस्पॅचला आहे, तिथे रोज काहीतरी घडतंच. कर्जतला घरी पोचले की हे पायरीवर बसलेलेच असायचे. "हं, आज काय?"

हे गेले आणि घरात उरलो मी आणि सासूबाई. आमचं बोलणं म्हणजे "भाकरी वाढू?" आणि "वाढ." मग किस्से साठणार नाहीत तर काय! त्यातले दातांचे तेवढे सांगते.

*

सुरुवात सुषमानं केली. ती माझ्या शेजारच्या टेबलावर बसते आणि तिचं तोंड फक्त लंच टाइमात बंद असतं. एकदा म्हणाली, "ताई, तुम्ही सुपारी केव्हापासून खायला लागलात?"

"मी? सुपारी?"

"मग तुमच्या कानाजवळ दिवसभर काय हलत असतं?"

गालाला हात लावला तर जबडा दगड! तोंडात काही नाही आणि माझं चावणं चालू!

"कोणावर एवढा राग काढताय?"

राग होता खरा. पण नाव कुणाचं घेणार?

*

दाढ ठणकायला लागली तेव्हा शिळफाट्याला डेंटिस्टकडे गेले. डॉक्टर अगदी कोवळी पोरगी. "कीड नाहीये. तुम्ही दिवसा दात आवळता. असंच चाललं तर दाढ फुटेल एक दिवस."

"अहो, मी नाही आवळत, ते आपले आपणच मिटतात."

"मिटायचेच नसतात ना पण! ओठ मिटलेले, दात सुटे. दातांनी एकमेकांना भेटायचं ते फक्त जेवताना."

मला हसूच आलं. म्हटलं, "मग आमच्या घरी अगदी बरोबर चाललंय. आम्ही सासूसुना जेवतानाच भेटतो."

ती हसली नाही. "दिवसभरात बोलता किती? बोलताना दात आवळता येत नाहीत, म्हणून विचारते."

एवढं विचारून तिनं तो छोटा आरसा परत माझ्या तोंडात घातला, ते बरं झालं. उत्तर द्यावं लागलं नाही.

*

तिचा उपाय सोपा होता. येता-जाता दिसेल अशा जागी रंगीत ठिपके चिकटवायचे. ठिपका दिसला की दात सोडायचे, खांदे सोडायचे, एक श्वास घ्यायचा.

ठिपके विकत कशाला आणायचे? कपाटात टिकल्यांची पाकिटं पडलेली होती, सगळी मरून रंगाची. यांना टिकल्या आणायचं भारी वेड! नेरळच्या बाजारातून येताना भाजी विसरतील, टिकल्या नाही. टाकवत नव्हत्या आणि द्यायच्या तरी कुणाला? लावल्या कामाला. कॉम्प्युटरवर एक, पाण्याच्या बाटलीवर एक, फोनवर एक, गेटपासच्या पॅडवर एक.

गेटपासवरची एक चुकून एका ड्रायव्हरबरोबर रसायनीला गेली. दुसऱ्या दिवशी पठ्ठ्या खिडकीत हजर! "मॅडम, काल गाडी लगेच खाली झाली. आज पन टिकलीवाला पास द्या!"

आठवड्याभरात सगळ्यांनाच टिकली पाहिजे. गेटवरचे पाटीलमामा माझ्यावर वैतागले. "मॅडम, हितं कंपनी हाय का देवीचं देऊळ?"

*

मीटिंगमध्ये समोर बाटली असायची. टिकली दिसली की मी इमानदारीत दात सोडायची. आता दात सोडले की तोंड जरा उघडतंच. साहेब थांबायचे. "मॅडम, काही बोलायचंय का?"

"नाही सर."

पुन्हा टिकली, पुन्हा तोंड उघडं, पुन्हा साहेब थांबले. शेवटी मीच ओशाळले आणि म्हटलं, "सर, डिस्पॅचचा पंखा कधीपासून बंद आहे."

दुसऱ्या दिवशी पंखा सुरू! सुषमा म्हणाली, "ताई, पुढच्या मीटिंगला एसीचं बघा."

*

घरीही लावल्या होत्या. फ्रिजवर, आरशावर, ओट्याच्या टाइलवर. सासूबाईंनी एका शब्दानं विचारलं नाही. ओटा पुसताना मात्र टिकलीच्या कडेकडेनं पुसायच्या.

माझ्या कपाळावर ती नव्हती. हे गेल्यावर मीच सोडली. लाव असं कुणी म्हणालं नाही, लावू नको असंही नाही. सासूबाईंच्या कपाळावर गोंदण आहे, ते सासरे गेल्यावरही जागच्या जागी राहिलं. माझ्या कपाळाकडे त्या बघायच्याच नाहीत. एकाच माणसासाठी रडणाऱ्या दोघी, आणि रडायच्या दोन वेगळ्या खोल्यांत. फार एकटं वाटायचं हो. आणि टिकल्या कितीही लावा, त्या घरात शिरलं की दात मिटायचेच.

*

आता हा शेवटचा.

त्या दिवशी डोकं भयंकर चढलं होतं. लंच टाइमात गेटपासच्या पॅडवर डोकं टेकलं, तर डोळाच लागला. उठले, तोंडही न धुता कामाला लागले. सुषमा माझ्याकडे बघत होती आणि चक्क गप्प होती! संध्याकाळी पाटीलमामांनी रोजचं "निघालात का मॅडम?" सुद्धा म्हटलं नाही. नुसती मान हलवली. म्हटलं, आज झालंय काय सगळ्यांना?

घरी पोचले. सासूबाई पायरीवर मेथी निवडत बसल्या होत्या. त्यांनी वर बघितलं आणि बघतच राहिल्या. सरळ माझ्या कपाळाकडे.

मी हात लावला. टिकली! पॅडवरची, दातांची टिकली, दुपारपासून माझ्या कपाळावर!

जबडा कडकन आवळला गेला. कसंबसं तोंड उघडलं. "आई, ही चुकून... मी काढते..."

"ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. मेथीचे हात पदराला पुसले. "वाकडी लागल्ये गं. हिकडं ये."

मी खालच्या पायरीवर बसले. त्यांनी अंगठ्यानं टिकली सरळ केली, जरा दाबली, मांडीवरची अर्धी मेथी माझ्यापुढे सारली आणि म्हणाल्या, "हं, आज काय?"