सदाने उतरवून घेतलेले गाऱ्हाणे

कौल मागायला आलेल्या माणसाला सदा गुरव लगेच देवीसमोर बसवत नसे. सभामंडपाच्या कठड्यावर बसवून आधी त्याची चौकशी करी. आमच्या देवळात कौल लावायचा म्हणजे देवीच्या पाषाणावर ओल्या कळ्या चिकटवायच्या आणि आधी उजवी पडते की डावी, यावरून तिचा होकार-नकार जाणायचा. हा मान सदाच्या घराण्याचा. परंतु गुडघा धरला म्हणून कोणी आला, तर सदा विचारी, "डॉक्टराक दाखयलास?" हद्दीचे भांडण असले तर, "शेजाऱ्याकडे बसान बोललास?" उत्तर नकारार्थी आले, की कळ्यांची परडी जागची हलत नसे. एका वैतागलेल्या मानकऱ्याने त्याला विचारले, की तू गुरव आसस काय वकील? सदा शांतपणे म्हणाला, "देव शेवटचो. जा काय माणसाक ठावक आसा, तेच्यासाठी देवाक कित्याक उठवतास?"

मी त्या देवळाचा उपाध्याय. पाठशाळेत शिकलेल्या माझ्या मनाला हे बोलणे आरंभी थोडे उद्धट वाटे. पुढे कळले, की ज्याची देवावर खरी श्रद्धा असते, तोच त्याला किरकोळ कामाला लावायला संकोचतो.

सकाळची पूजा आटोपून सोवळे उतरवले, की सदा खांद्यावर कॅमेरा घेई. मालवणपासून देवबागेपर्यंतच्या लग्नांचे चित्रण तो करीत असे. मंगलाष्टकांच्या वेळी कॅमेऱ्यासमोरून न हलणाऱ्या एका गृहस्थांना त्याने अत्यंत नम्रपणे सांगितले होते, "मामानू, लगीन तुमचा न्हय. वायच बाजूक होवा." चित्रणाच्या टेपा मात्र जोडकामासाठी कणकवलीला पाठवाव्या लागत. घरीच एक संगणक घ्यावा, असे तो बरेच दिवस म्हणत होता. पण ते म्हणण्यावरच राहिले होते.

मग त्याच्या वडिलांना, दाजींना, पक्षाघात झाला. उजवा हात वाचला, वाचा गेली.

दाजींची वाचा म्हणजे केवळ एका म्हाताऱ्याचे बोलणे नव्हते. जत्रेच्या दिवशी देवीपुढे गावाचे गाऱ्हाणे, म्हणजे साऱ्या गावाच्या वतीने साकडे, तेच घालीत. त्यात गावरहाटीतील, म्हणजे गावाने परंपरेने मानलेल्या, प्रत्येक देवस्थळाचे नाव ठरलेल्या क्रमाने यावे लागते. वेशीवरचा राखणदार, तळीकाठची देवी, खाडीच्या तोंडाचा पूर्वज-पुरुष. एक नाव राहिले तर त्या स्थळाची वाडी वर्षभर दुखावते. आणि हे गाऱ्हाणे कागदावर लिहायचे नाही, बापाच्या मुखातून मुलाने घ्यायचे, असा त्या घराण्याचा दंडक. सदाने ते लहानपणापासून ऐकलेले. तरी मधल्या स्थळांच्या क्रमात तो हटकून अडखळे. दाजी रोज सायंकाळी त्याला समोर बसवीत आणि शिकवण्याची पराकाष्ठा करीत. घशातून केवळ घोगरा स्वर निघे, कपाळावर घाम दाटे, शेवटी ते उजवी मूठ खाटेवर आपटीत. डॉक्टरांनी श्रम करू नका म्हणून बजावले होते. पण जत्रा जवळ येत होती आणि दाजींना स्वस्थता नव्हती. सदाची पत्नी मला म्हणाली, की काकानू, ह्या शिकवण्यातच मामंजी जातले.

एक आधार होता. पूर्वी एका जत्रेत सदाने दाजींचे गाऱ्हाणे टेपवर घेतले होते. पण ती टेप त्याने घरी ठेवली नव्हती. देवीचे गाऱ्हाणे देवीपाशीच असावे, या भावनेने लाल वस्त्रात गुंडाळून ती गाभाऱ्यातील कोनाड्यात ठेवली होती आणि दर नवरात्रात तिला हळद-कुंकू वाहिले जाई. आमच्या गाभाऱ्यात अभिषेकाचे पाणी बारा महिने झिरपते. वस्त्र सोडले, तेव्हा टेपेच्या कडेला पांढरी बुरशी धरलेली दिसली. इतका विवेकी सदा, पण भक्तीपुढे त्याला ओल सुचली नाही.

कणकवलीच्या स्टुडिओवाल्याने ती टेप आपल्या यंत्रात घालण्यास नकार दिला. त्याचे यंत्र बिघडले असते, म्हणून तो नकार रास्तच होता. मात्र त्याने हलक्या हाताने बुरशी पुसून दिली आणि सांगितले, की तुझ्या कॅमेऱ्यात ती एकदा चालेल, दुसऱ्यांदा चालेलच असे नाही. म्हणजे त्या एकाच फेरीत सारे गाऱ्हाणे संगणकात अखंड उतरले पाहिजे. आता संगणक घेणे टळणार नव्हते आणि त्याची निवड चुकून चालणार नव्हती.

मानकऱ्यांनी सुचवले, की कोणता घ्यावा याचा कौल लाव. सदा म्हणाला, "देवीन खंय कंप्युटर घेतलो हा? कणकवलेक जावन इचारून येतंय."

मलाही कणकवलीस काम होते, म्हणून बरोबर गेलो. दुकानदाराने चकचकीत डब्यातले एक ग्राफिक्स कार्ड पुढे केले आणि त्याची थोरवी सांगितली. सदाने कठड्यावरच्याच सुरात प्रश्न केला, "हेचा काम काय?" ते मुख्यतः खेळांसाठी, असे निष्पन्न झाले. कार्ड बाजूला गेले. मोठ्या पडद्याचेही तेच झाले. मग सदाने विचारले, की टेप चालू असताना यंत्र मधेच अडखळते ते कशामुळे. दुकानदार आता ग्राहक ओळखून खरे बोलू लागला. एकाच हार्ड डिस्कवर संगणकाचा कारभार आणि चित्रही उतरवायचे, तर ती दोन्हीकडे धावते आणि मधली चित्रे गळतात. सदा माझ्याकडे वळला. "काकानू, एकाच भटान मंत्र म्हणूचे आणि तेनाच आगीत लाकडां सारूची म्हटल्यार खंयतरी चुकतलाच." यज्ञात ऋत्विजांची कामे वाटून का दिलेली असतात, हे मी अनेकांना समजावले आहे, इतक्या थोडक्यात मला कधी साधले नाही. दुसरी हार्ड डिस्क घेतली गेली. पुरेशी रॅम असलेला संगणक, कॅमेरा जोडण्याचे कार्ड, आत वीज पुरवणारा भरवशाचा डबा आणि लाईट गेली तरी यंत्र काही वेळ चालू ठेवणारा, या सर्वांहून जड असा यूपीएस, एवढे घेऊन आम्ही परतलो. यूपीएस पाहून एका मानकऱ्याने टोमणा मारला, की देवळाची घंटा विकत हाडलस काय.

सदाने आधी लग्नांच्या जुन्या टेपा उतरवून यंत्राची परीक्षा घेतली. समाधान झाल्यावर एका दुपारी त्याने दाजींच्या खाटेशेजारी ती टेप लावली. पडद्यावर दाजी उभे राहिले आणि तो खणखणीत आवाज खोलीत भरला: "बा देवा म्हाराजा…" गाऱ्हाण्याच्या प्रत्येक चरणानंतर जमलेल्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचे असते. सदाची पत्नी नकळत म्हणाली, मग मीही.

मधली स्थळे सुरू झाली आणि लाईट गेली. पंखा थांबला. यूपीएस चिरक्या आवाजात ओरडू लागला. पडदा मात्र उजळलेला होता, टेप फिरत होती. सदाने कोठेही हात लावला नाही. केवळ हात जोडून, दर चरणाला "व्हय म्हाराजा" म्हणत तो उभा राहिला. वेशीवरचा राखणदार आला, तळीची देवी आली, खाडीचा पुरुष आला. शेवटचा चरण संपला. सदाने ते साठवले, पुन्हा उघडून पाहिले, यंत्र रीतसर बंद केले आणि मग भिंतीला टेकून खाली बसला. दाजींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते, पण कपाळ कोरडे होते.

त्यानंतर रोज सायंकाळी सदा ते गाऱ्हाणे ऐके आणि दाजींना म्हणून दाखवी. क्रम चुकला, की दाजी नुसते बोट उचलीत. काही दिवसांनी बोट उचलण्याचेही कारण उरले नाही.

जत्रेला दाजींना खुर्चीत बसवून देवळात आणले होते. सदाने गाऱ्हाणे घातले. एकही वाडी दुखावली नाही. मानकरी पाठ थोपटू लागले, तेव्हा त्याने मला वडिलांकडे पाहण्यास खुणावले. ढोल वाजत होते, माणसांची दाटी होती, आणि त्या कल्लोळात दाजी मान कलती करून लहान मुलासारखे गाढ झोपले होते.

"बघलास, काकानू?" सदा हळूच म्हणाला. "आता माझो बापूस आजारी पडूक मोकळो झालो."