चार पदकं, एकच नाव

तो तपास माझ्या निवृत्तीच्या आदल्या वर्षीचा. कागदोपत्री चार दिवसांत मिटला, पण माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही.

सिंगापूर पोलिसांत मी तीस वर्षं काढली. घरी मराठी, ठाण्यात इंग्रजी आणि मलय. एका दुपारी जुनी नाणी आणि पदकं विकणाऱ्या दुकानदाराचा फोन आला. "सर, एक माणूस ब्रिटिश सैन्याची दोन शौर्यपदकं घेऊन आलाय. पदकांच्या कडेवर ज्याचं नाव कोरलंय, त्या सैनिकाला मी ओळखायचो. त्याची बायको क्वीन्सटाउनला राहते. मला चोरीचा संशय आहे."

हा गोरा सैनिक पंचवीस वर्षं ब्रिटिश फौजेत होता. मग इथल्याच चिनी बाईशी लग्न करून इथेच राहिला. त्याला जाऊन दोन वर्षं झाली होती.

आम्ही पदकं ताब्यात घेतली आणि त्या माणसाला ठाण्यात आणलं. चोआ चू कांगला राहणारा साठीचा मलय गृहस्थ, निवृत्त बसचालक.

"कुठून आणली?"

"वडिलांच्या पेटीतून. गेल्या महिन्यात ते वारले."

"विकायला नेली होती?"

"नाही ला, सर," इथल्या बोलीतला 'ला' जोडत तो म्हणाला. "कोणाची आहेत ते विचारायला."

वडील ब्रिटिशांच्या छावणीत स्वयंपाकी होते म्हणे. स्वयंपाक्याच्या पेटीत शौर्यपदकं कशी? दोन तास मी तेच प्रश्न उलटसुलट विचारले. खोटं बोलणारा दर खेपेला थोडं जास्त सांगतो, हा माझा अनुभव. हा माणूस दर खेपेला तेवढंच सांगत होता.

तक्रार नोंदवायला मी क्वीन्सटाउनला गेलो. सैनिकाची पत्नी ऐंशीच्या घरातली. "चोरी? कसली चोरी?" म्हणत त्यांनी कपाट उघडलं. डबीत दोन पदकं होती, लख्ख पुसलेली. तेच नाव, तोच सैनिक क्रमांक.

मी चक्रावलो. दुसऱ्या दिवशी बाईंना, त्या माणसाला आणि दुकानदारालाही ठाण्यात बोलावलं आणि चारही पदकं टेबलावर मांडली. दुकानदाराने भिंगातून बराच वेळ पाहिलं. बाईंच्या घरची दोन्ही नकली होती, मागाहून करवून घेतलेली.

"चाळीस वर्षं मी हीच पुसत आलेय," त्या म्हणाल्या.

"सॉरी, आंटी," तो माणूस पुटपुटला. कशाची माफी मागतोय, हे त्यालाही ठाऊक नव्हतं.

त्यांनी त्याच्याकडे निरखून पाहिलं. "तुझे वडील लंगडायचे का?"

"हो. जंगलातल्या लढाईत पायाला लागलं, एवढंच सांगायचे."

"माझा नवरा दर ईदला एका लंगड्या मित्राकडे जेवायला जायचा. मला कधी नेलं नाही."

"ते गोरे अंकल?" तो एकदम सावरून बसला. "ते वडिलांना खुर्चीवर बसवायचे, स्वतः खाली चटईवर बसायचे. आम्ही मुलं हसायचो."

फौजेच्या नोंदीनुसार जंगलातून जखमी साथीदारांना बाहेर काढल्याबद्दल त्या सैनिकाला ती पदकं मिळाली होती. कोणी कोणाला बाहेर काढलं होतं? सांगू शकणारे दोघेही आता नव्हते.

चोरी झालीच नव्हती. बाईंनी 'तक्रार नाही' असं लिहून सही केली, खरी पदकं त्या माणसाच्या हातात दिली आणि आपली डबी पर्समध्ये ठेवली. मी त्यांना टॅक्सीपर्यंत सोडायला गेलो. दार लावण्याआधी त्यांनी विचारलं, "इन्स्पेक्टर, माझ्या नवऱ्याने ती पदकं त्या मित्राला भेट दिली, की ज्याची होती त्याला परत केली?"

"आंटी, हे पोलिसांच्या तपासात येत नाही," मी म्हणालो. टॅक्सी निघून गेली.

वस्तूवर नाव असलं की मालक सापडला, असं मी नव्या शिपायांना वर्षानुवर्षं शिकवलं. त्यानंतर ते शिकवताना माझी जीभ अडखळायची. आणि त्या बाईंना मी दिलेलं उत्तर नियमात बसणारं होतं, तरी त्याची मला आजही लाज वाटते. निदान त्यांच्याबरोबर टॅक्सीत बसून 'मलाही कळत नाही' एवढं तरी म्हणायला हवं होतं.