दिवाळीला पुसलेला प्रोसेसर

दोन वर्षांपूर्वी मी अडुसष्टची होते. म्हणजे आताच्या मानाने तरुण आणि बरीच मूर्ख. दिवाळीची आवराआवर चालली होती. डबे झाले, पंखे झाले, खिडक्यांच्या जाळ्या झाल्या, तशी माझी नजर नातीच्या कॉम्प्युटरवर गेली. ती अंघोळीला गेलेली. मी बटण बंद केलं, बाजूचा पत्रा उघडला आणि आतला छोटा पंखा त्याच्या खालच्या पात्यांच्या ठोकळ्यासकट, चार स्क्रू काढून उचलला. खाली चिपवर राखाडी चिकटा. ओल्या फडक्याने खालचं-वरचं लखलखीत केलं, कोरडं पुसलं आणि सगळं जागच्या जागी बसवलं.

नात कामाला बसली. दोन मिनिटांत मशीन बंद. पुन्हा लावलं, पुन्हा बंद. तिचा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट त्यातच होता आणि पाचच्या आत कॉलेजला पाठवायचा होता.

"आजी, आत हात घातलास?"

"पुसलं नुसतं. केवढा मळ साचला होता."

ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं. हळूच म्हणाली, "ती पेस्ट होती. प्रोसेसरची उष्णता तिच्यातून त्या ठोकळ्यात जाते. ती नसली की तो तापून बंद पडतो."

आमच्या सावेडीतल्याच दुकानातून ती स्कूटरवर पेस्टची ट्यूब घेऊन आली तेव्हा तीन वाजून गेले होते. आधी तिने प्लग काढला. चिप कोरड्या कापडाने टिपली, मधोमध मुगाएवढा थेंब सोडला.

"एवढीच? घाल की सढळ हाताने."

"पुरणपोळीवर तूप नाही वाढायचं, आजी."

ठोकळा सरळ खाली ठेवून तिने दोन्ही हातांनी धरला. स्क्रू माझ्याकडे.

बाविसाव्या वर्षी मी नागापूरच्या एका कारखान्यात पंपांची झाकणं बसवायचे. हुशारी अशी की पहिलाच बोल्ट गच्च आवळायचा, बाकीचे मग निवांत. एकदा झाकण तडकलं. फोरमन म्हणाले, "बाई, समोरासमोरचे घ्या, थोडे थोडे." मी आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाही. आता मात्र एका कोपऱ्याला अर्धा फेरा, मग समोरच्याला अर्धा, असं करत गेले. कुठंतरी कुर्रकन आवाज आला. दोघी थांबलो.

"काय होतं ते?"

"माझा गुडघा," मी म्हटलं.

तिने पंख्याची वायर जोडली, प्लग लावला. पंखा फिरला. पडद्यावर तापमानाचा आकडा चढू लागला. पन्नास. साठ. मी देवाचं नाव घ्यायलाही विसरले. बासष्टवर तो थबकला आणि तिथंच राहिला.

पाचला दहा मिनिटं कमी असताना प्रोजेक्ट कॉलेजला गेला. नातीने खुर्चीत मागे टेकून डोळे मिटले. तिच्या आईला काही सांगायचं नाही, असं आमचं ठरलं. आता हे लिहून तो शब्द मीच मोडतेय.