काट्याआधीची बाटली

माझ्या पोरीचे पुढचे चार दात काळे कसे झाले, हे मला गावात सगळ्यांनी विचारलं. कोणी म्हणे कीड, कोणी म्हणे नजर लागली, एका म्हातारीनं तर ते ग्रहणावर नेऊन घातलं. मी नुसती मान हलवायची. खरं कारण माझ्या पिशवीतच असायचं, निळ्या झाकणाची प्लास्टिकची बाटली, आणि ती रोज मीच भरत होते.

मारेगावच्या अलीकडचं आमचं गाव. त्या वर्षांत कापसाचं काही खरं राहिलं नव्हतं. बोंड उमलायच्या आधी आत अळी बसलेली, आणि जो काय हाती यायचा त्याला कोणी धड विचारत नव्हतं. पोरीच्या बापानं बैलजोडी विकली, आमचं एवढंसं वावर पडीक टाकलं आणि वणीला कोळशाच्या ट्रकवर गेला. पाठोपाठ गायही गेली. दूध बंद झालं तसा घरात काळा चहा सुरू झाला, साखर टाकून टाकून पाक केलेला. पोर तेव्हा दीड वर्षाची होती. चहात टोस्ट बुडवून दिला की गप्प बसायची. सगळ्यांच्याच घरी पोरं अशी वाढत होती, मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

बाप पंधरा दिवसांनी घरी यायचा तेव्हा तिच्यासाठी थंड्याची बाटली आणायचा. लाड हो! घरी नसणाऱ्या बापाला दुसरं काय जमणार? बाटली संपली की मी ती धुऊन ठेवायची आणि तिच्यात किराणा दुकानातली नारिंगी शरबताची पुडी, मूठभर साखर आणि पाणी घालायची. लोकांच्या वावरात कापूस वेचायला जाताना हीच बाटली सोबत. धुऱ्यावरच्या बाभळीला लुगड्याची झोळी बांधायची, पोरीला तिच्यात टाकायचं, हातात बाटली द्यायची आणि कमरेला ओटी बांधून कापसाच्या ओळीला लागायचं. पोर दिवसभर रडत नसे. रडकं पोर आणणाऱ्या बाईला मालक दुसऱ्या दिवशी बोलवत नसे, म्हणून बाया माझा हेवा करायच्या.

"तुही पोर तं सोन्याची हाय वो!"

सोन्याची कसली! भाकरीचा घास तोंडाशी नेला की मान फिरवायची. वरणभात थुंकून द्यायची. दिवसभर एकच शब्द, शरबत. मी चिडायची, पाठीत धपाटा घालायची, आणि मग कामाला उशीर होतो म्हणून बाटली भरून द्यायची. हे लिहिताना आजही स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

तीन वर्षांची झाली तशी ती अंगणवाडीत जाऊ लागली. तिथं महिन्यातून एकदा वजन व्हायचं. अंगणवाडीची बाई छताच्या कडीला काटा टांगायची, त्याला कापडी झोळी, आणि एकेक पोर उचलून झोळीत बसवायची. आम्ही आया भिंतीला टेकून उभ्या. प्रत्येकीच्या हातात कार्ड, त्यावर हिरवा, पिवळा आणि लाल पट्टा. वजन लालच्या वर गेलं की बाई ओरडायची, "पास!" आणि सगळी पोरं टाळ्या वाजवायची. लाल पट्ट्यातल्या पोराला टाळी नाही. त्याला यवतमाळच्या दवाखान्यात न्यायचं आणि आईनं तिथं त्याच्याजवळ चौदा दिवस राहायचं, असा नियम होता.

दिवाळीनंतर माझी पोर नेमकी लाल रेघेवर आली. बाईनं मला बाजूला घेतलं.

"पुढच्या महिन्यात खाली गेली तं मी ऐकनार नाही तुहं. यवतमाळले घेऊन जातो."

"बाई, वेचनीचे दिवस हाय हो."

"मंग? पोरीपेक्षा वेचनी मोठी हाय काय?"

अस्सा राग आला मला! म्हणायला काय जातं? वेचणी दोन महिन्यांची, आणि त्या वर्षी बोंडं इतकी कमी की दुसऱ्या वेच्यानंतर झाडावर काही उरणार नव्हतं. ते दिवस यवतमाळला बसून घालवले असते तर उन्हाळ्यात चूल कशावर पेटवायची होती? माझी जागा घ्यायला दहा बाया टपल्या होत्या. रात्रंदिवस तोच घोर. पोरीला मारून पाहिलं, गोंजारून पाहिलं, अंडं आणून पाहिलं. खाईचना.

आता कापूस वेचणाऱ्या बाईला वजन वाढवायला कोणी शिकवावं लागत नाही. आम्हाला मजुरी किलोवर. पहाटे दव पडलेलं असताना वेचलेला कापूस जड भरतो. तेवढ्यानं भागलं नाही तर गाठोड्याच्या पोटात पाण्याचा हात मारायचा आणि वरून कोरडा कापूस पसरायचा. मालकाला हे माहीत होतं. तो काट्यापाशी शिव्या घालायचा आणि आम्ही पदर तोंडाला लावून हसायचो. पुढच्या वजनाच्या दिवशी सकाळी मी शरबताची बाटली भरत होते, आणि भरता भरता माझ्या डोक्यात आलं, कापसाला चालतं तर पोरीला काहून नाही?

बस, एवढंच. त्याला विचार तरी कसं म्हणू!

बाटली तिनं गटागटा पिली. मी वर अजून अर्धी पाजली. अंगणवाडीत गेलो तेव्हा पोट तट्ट फुगलेलं. झोळीत बसवल्याबरोबर पोर कुजबुजली, "माय, सू."

"दाबून धर," मी म्हटलं. "हालू नको."

"पास!" बाई ओरडली. टाळ्या झाल्या. पोरीनं झोळीतूनच स्वतःला टाळी वाजवली. मी तिला उचलून बाहेर पळाले आणि भिंतीआड बसवलं. खरं सांगते, त्या वेळी मी हसले. मालकाला फसवल्यावर हसायची तशीच हसले.

पुढच्या महिन्यात पुन्हा तेच केलं. या खेपेला दोन बाटल्या लागल्या. बाई खूश. कार्डावर आकडा लिहिता लिहिता म्हणाली, "पाह्य, घेतलं ना मनावर तं वाढते पोर." मी मान खाली घातली. तिला वाटलं लाजली.

वेचणी आटोपली आणि चार दिवसांत पोर तापली. वर हगवण. पाणी द्यावं तर ओकायची. डोळे खोल गेले, कातडी चिमटीत धरली की तशीच उभी राहायची. बाईनं पाहिलं आणि लगेच गाडी बोलावली. यवतमाळपर्यंत ती माझ्याजवळ बसून आली, पोरीचे पाय मांडीवर घेऊन.

वॉर्डात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी पोरीचं वजन केलं, कार्ड पाहिलं, पुन्हा पोरीकडं पाहिलं.

"दोन महिने छान वाढत होती. मग एकदम इतकं कसं उतरलं? चार दिवसांच्या हगवणीनं एवढं उतरत नाही."

त्या आतला आजार शोधायला लागल्या. घरात कोणाला टीबी आहे का? नाही. पोटात जंत झाले होते का? नाही. रक्त काढलं. हाताची शीर सापडेना तर पायाची, पायाची सापडेना तर कपाळाची. छातीचा फोटो काढला. दुसऱ्या दिवशी पुन्हा रक्त. पोर पहिल्यांदा किंचाळली, नंतर तिच्यात किंचाळायचीही ताकद राहिली नाही, नुसती माझ्याकडं पाहायची. आणि मी मूग गिळून बसले होते. मला ठाऊक होतं आजार नाही. बोलले असते तर सुई थांबली असती. पण कार्डावर अक्षर बाईचं होतं, तिची नोकरी जाईल असं वाटे, आणि त्याहून जास्त हे वाटे की डॉक्टरीणबाई मला कोणत्या नजरेनं पाहतील. पोटच्या पोरीपेक्षा मला माझी लाज मोठी झाली होती. दोन दिवस!

तिसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर काटा ढकलत आली. मागून डॉक्टरीणबाई, हातात सुयांचा ट्रे. दोन दिवस शब्द न बोललेल्या पोरीनं काटा पाहिला आणि पट्टी बांधलेला हात माझ्याकडं केला.

"माय, काटा आला. बाटली दे ना."

"कसली बाटली?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"काट्याची," पोर म्हणाली. मग माझ्याकडं वळून हळूच, "सू नाही करत मी. दाबून धरतो."

माझा बांध फुटला. "मॅडम, ते वजन पोरीचं नव्हतं. पान्याचं होतं. कापसाले मारतो तसं मारलं मी."

त्यांना आधी कळलंच नाही. दुसऱ्यांदा सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी ट्रे खिडकीत ठेवला. "दोन दिवस टोचतोय आम्ही तिला, बाई," एवढंच म्हणाल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यानंतर सतरा दिवस राहिलो तिथं. चमच्या-चमच्यानं पोर खायला शिकली, घरी आली, काळे दात पडून नवे आले. अंगणवाडीच्या बाईला मी स्वतः जाऊन सांगितलं. तिनं कार्डावरचे दोन्ही आकडे खोडले आणि वर्षभर माझ्याशी बोलली नाही. तिचं बरोबरच होतं.

पण मला राहून राहून वॉर्डातली ती सकाळच आठवते. सिस्टरनं पोरीला उपाशीपोटी काट्यात ठेवलं. डॉक्टरीणबाईंनी आकडा मलाच वाचायला लावला. मी वाचला. पोळ्याच्या महिन्यात अंगणवाडीत भरलं होतं, त्याहूनही कमी. इथं कोणी ‘पास!’ ओरडलं नाही. पोर एकेकाच्या तोंडाकडं पाहत राहिली, मग माझ्याकडं वळली.

"टाळी वाजव ना, माय."

वाजवली मी. दुसरं काय करणार होते?