हा तो नव्हे!

सकाळी सकाळी शैलावहिनींचा फोन आला. "भावोजी, हे गेले..." आणि मग, "माशाला खायला घालायचं राहिलंय हो." माझा सदाशिव पेठेतला शेजारी आणि शाळेपासूनचा मित्र मधू गेल्याची बातमी मला ही अशी कळली. खोटं कशाला सांगू, रडू यायच्या आधी मला हसूच आलं.

बँकेतून निवृत्त झाल्यावर मधूनं दिवाणखान्यात खाऱ्या पाण्याची काचपेटी मांडली आणि नारायण पेठेतल्या दुकानातून समुद्रातल्या प्रवाळात राहणारा एक मासा आणला. गडद निळा, अंगावर एकात एक पांढरी वलयं, थेट डासांच्या कॉइलसारखी. नाव ठेवलं सम्राट. तेवढ्यात लेकीचं बाळंतपण आलं, नवरा-बायको सहा महिने अमेरिकेला गेले आणि किल्ली माझ्याकडे आली. जाताना मधू म्हणाला, "विन्या, घर लुटलं गेलं तरी चालेल, मासा सांभाळ."

सांभाळला की! पण तो पठ्ठ्या हळूहळू रंग बदलायला लागला. मी फोनवर म्हटलं, "मधू, मासा पिवळा पडतोय रे." तिकडून प्रश्न, "कावीळ झाली का?" आता माशाची कावीळ मी कशी ओळखणार? देवाचं नाव घेऊन खायला घालत राहिलो. मधू परतला तोवर वलयं जाऊन अंगभर पिवळे आडवे पट्टे आले होते. त्यानं हातातली बॅगसुद्धा खाली ठेवली नाही.

"हा तो नव्हे. तो मेला, आणि तू दुसरा आणून सोडलास."

"अरे, तोच आहे! मोठा झालाय."

"मोठे तर आपणही झालो. मी झालो का पट्ट्यापट्ट्यांचा?"

या जातीत पिल्लू आणि मोठा मासा असेच वेगळे दिसतात, असं दुकानदारानं समजावलं. मधूनं त्यालाही माझा साथीदार ठरवला. बोलणं बंद! फिरायला मात्र त्याच वेळी, त्याच रस्त्यानं, समोरच्या फुटपाथवरून. एवढ्या वर्षांची मैत्री एका माशापायी गेली, या विचारानं माझं जेवणावरचं लक्षच उडालं होतं.

मग एका दुपारी मधू दारात उभा, हातात भिंग. "शेपटीपाशी एक अर्धं वलय राहिलंय. जुनं."

"मग?"

"मग काय मग? चहा टाक." माफी मागणं त्याच्या रक्तातच नव्हतं.

यंदा यकृतानं दगा दिला. दवाखान्यात गेलो तर हळदीसारखा पिवळा, अंगानं निम्मा झालेला मधू. क्षणभर मला ओळखूच येईना, आणि त्या लबाडानं ते बरोबर टिपलं. "विन्या... तोच आहे रे. बदलून आणलेला नाही." मी मोठ्यानं हसलो आणि बाहेर जिन्यात येऊन ढसाढसा रडलो.

परवा वहिनी लेकीकडे गेल्या. किल्ली देताना म्हणाल्या, "भावोजी, मी परत येईन तेव्हा तो कुठल्याही रंगाचा असू दे. तुम्ही दोघं असा, म्हणजे झालं."

रोज सकाळी जातो, चिमूटभर खाणं टाकतो आणि वाकून शेपटीपाशी बघतो. वलय आता फार पुसट झालंय, मधूचं भिंग घ्यावं लागतं. पण आहे... तोच आहे.